स्पार्क प्लग कधी बदलायचे, कोणते घ्यायचे आणि आटे न मारता कसे बसवायचे

स्पार्क प्लग बदलणं सोपं आहे असं सगळेच सांगतात, आणि तरीही त्यात त्याच त्याच चुका होतात. कुणी गाडी मिस मारायला (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटायला) लागेपर्यंत थांबतं. कुणी खोक्यावर भारी धातूचं नाव दिसलं की तोच प्लग उचलतं. आणि कुणी नवा प्लग भोकात सोडून थेट पाना लावतं, जोर लावावा लागला की म्हणतं, "मस्त घट्ट बसला!" तो बसलेला नसतो. हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या ज्या भागात प्लग बसतो त्याचे, आटे कापत तिरका शिरलेला असतो.

ही तिसरी चूक मी स्वतः केलेली आहे. दहा मिनिटांत उरकायला घेतलेलं काम हेडमध्ये नवे आटे बसवून घेण्यापर्यंत गेलं. तेव्हापासून माझ्याकडे एकच नियम आहे: प्लग बोटांच्या जोरावर तळापर्यंत गेला पाहिजे, पान्याचं काम फक्त शेवटच्या अर्ध्या फेऱ्याचं. पुढचे बरेचसे टप्पे या नियमाभोवतीच फिरतात.

हा लेख पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. तिथे असतो तो ग्लो प्लग. त्याचं काम वेगळं आणि तो काढायची रीतही वेगळी.

## टप्पा १: बदलायची वेळ झाली आहे का?

लक्षणांची वाट पाहू नका. आधी किलोमीटर बघा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत सर्व्हिसचा तक्ता असतो, त्यात प्लग किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचे ते दिलेलं असतं. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. पुस्तिका हाताशी नसेल तर ढोबळ अंदाज असा: साधा निकेलचा प्लग २० ते ४० हजार किलोमीटर, प्लॅटिनमचा ६० हजार ते १ लाख, आणि दोन्ही टोकांना मौल्यवान धातू असलेला इरिडियमचा ८० हजार ते १ लाख किंवा त्याहून थोडा जास्त.

प्लग एकाएकी मरत नाही, झिजत जातो. चार स्ट्रोकचं इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर एकेक प्लग मिनिटाला १५०० ठिणग्या टाकत असतो. ठिणगी प्लगच्या मधल्या आणि बाजूच्या अशा दोन धातूच्या टोकांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडमध्ये, पडते. प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडच्या कडेचा सूक्ष्म कण उडतो. धारदार कड गोल होत जाते, गॅप (दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर) वाढते, आणि ती गॅप ओलांडायला कॉइलला (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाला) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. चालवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण कॉइल निमूटपणे जास्तीचा ताण सोसत असते. म्हणूनच 'गाडी तर छान चालतेय' हा पुरावा होत नाही. प्लगवर वाचवलेले पैसे पुढे कॉइलवर जातात.

काही गाड्यांचा आकडा मात्र तक्त्यापेक्षा आधी धरा. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग लवकर संपतो. टर्बो इंजिनातही सिलिंडरमधला दाब जास्त असल्यामुळे तसंच होतं. आणि जी गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होते, तिचे प्लग नीट तापतच नाहीत, काजळी धरतात. त्या गाडीचं मीटर कमी दिसतं, प्लग मात्र म्हातारा झालेला असतो.

आता लक्षणं. सकाळी जास्त वेळ सेल मारावा लागणं, उभ्या गाडीत आयडलिंगला थरथर, चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप अडखळणं, ॲव्हरेज घसरणं. यातलं कुठलंही लक्षण एकट्या प्लगचं नसतं. कॉइल, इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर यांनीही अगदी असंच होतं. त्यामुळे प्लग नुकतेच बदललेले असताना गाडी मिस मारत असेल तर पुन्हा प्लग घ्यायला धावू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची मिस, पी०३०२ दुसऱ्याची, आणि पी०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरची नाही, सगळीकडे विखुरलेली. ज्या सिलिंडरचा कोड आला त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. कोड कॉइलमागे गेला तर दोष कॉइलचा. जागीच राहिला तर मग प्लग अदलाबदल करून बघा. तरीही हलला नाही, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

इशारा: चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. मिस मारणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळू शकते. प्लगच्या तुलनेत तो भाग फार म्हणजे फार महाग असतो.

## टप्पा २: कोणता प्लग घ्यायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

प्लग धातूवरून निवडायचा नसतो, नंबरवरून निवडायचा असतो. तुमच्या इंजिनाला लागणारा नंबर पुस्तिकेत, बऱ्याचदा बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर, किंवा प्लग कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मिळतो. कॅटलॉगमध्ये शोधताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं, म्हणून वर्ष आणि इंजिन कोड दोन्ही टाका. जुन्या प्लगवरचा नंबर बघून तोच आणणं हा मार्ग मला धोक्याचा वाटतो. गाडी दुसऱ्या हाताची असेल तर आधीच्या मालकानेच चुकीचा प्लग बसवलेला असू शकतो, आणि तुम्ही ती चूक श्रद्धेने पुढे चालवाल.

### नंबरमध्ये काय दडलेलं असतं

एनजीके या प्लग कंपनीचा बीकेआर६ई-११ हा सर्रास दिसणारा नंबर घ्या. बीके म्हणजे १४ मिमी व्यासाचे आटे आणि १६ मिमीचा पाना लागणारा षटकोन. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. ६ ही हीट रेंज. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटचे ११ म्हणजे १.१ मिमी गॅप. यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तो दुसराच प्लग.

आट्यांची लांबी चुकली तर काय होतं? प्लग लांब असेल तर त्याचं टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकतं. आखूड असेल तर हेडमधले खालचे आटे उघडे पडतात, त्यांवर कार्बन चढतो, आणि पुढच्या वेळी योग्य लांबीचा प्लग शिरताना अडतो. 'आर' नसलेला प्लग बसतो, गाडीही चालते, पण ठिणगीचा विद्युत गोंगाट रेडिओत खरखर करतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला येणारे सिग्नलही बिघडवू शकतो.

### हीट रेंज: हॉट म्हणजे ताकदवान नव्हे

हीट रेंजचा ठिणगीच्या ताकदीशी काहीही संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता किती झपाट्याने हेडमध्ये निघून जाते, एवढंच ती सांगते. आतलं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णता हळू निघते, तो हॉट प्लग. नाक आखूड असेल तर झटकन निघते, तो कोल्ड. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या आसपास गेलं की ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवतं. या दोन आकड्यांमध्ये टोक ठेवणं हे हीट रेंजचं काम, आणि तो हिशेब इंजिन बनवणाऱ्याने आधीच केलेला आहे. इंजिनात काही बदल केलेला नसेल तर त्याला हात लावू नका.

यात एक सापळा आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग कोल्ड होत जातो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात उलटं, आकडा वाढला की हॉट. शिवाय मोजपट्ट्याही वेगळ्या: एनजीकेचा ६ तो डेन्सोचा साधारण २०. त्यामुळे दुकानात एक कंपनी नसेल तर आकड्याला आकडा जुळवून दुसरी उचलू नका. कंपनीच्या तुलना-तक्त्यातूनच पर्याय शोधा.

### आता धातू

आधी एक गैरसमज. 'कॉपर प्लग' म्हणतात त्याचं टोक तांब्याचं नसतं. तांबं आतल्या गाभ्यात असतं, उष्णता वाहून न्यायला. ठिणगी झेलणारं टोक निकेलच्या मिश्रधातूचं. निकेल १४५५ अंशाला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम जवळजवळ २४५० ला. जितका कठीण आणि उष्णता सोसणारा धातू, तितकं टोक बारीक करता येतं, आणि बारीक टोकावरून कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. महागड्या धातूचा फायदा एवढाच: आयुष्य जास्त, आणि ठिणगीला लागणारं व्होल्टेज कमी. निकेलवर नीट चालणाऱ्या इंजिनात इरिडियम टाकून पिकअप दुप्पट होईल अशी आशा धरू नका. जो फरक जाणवतो तो बहुतेक वेळा जुना झिजलेला प्लग जाऊन नवा आल्याचा असतो.

निवड करताना मी असं करतो. कंपनीने इरिडियम किंवा प्लॅटिनम सांगितला असेल तर खाली उतरायचं नाही, निकेल टाकायचा नाही. कंपनीने निकेल सांगितला असेल आणि प्लगपर्यंत हात सहज पोचत असेल, तर निकेलच ठेवून वेळेवर बदलतो. पण प्लग काढायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावा लागणार असेल, तर त्याच हीट रेंजचा आणि त्याच मापाचा जास्त टिकणारा प्लग घेतो. दर ३० हजारांवर कोण ते सगळं उघडत बसणार?

इथेही एक बारकावा आहे. खोक्यावर 'इरिडियम' लिहिलेले सगळे प्लग सारखे टिकत नाहीत. एनजीकेच्या इरिडियम आयएक्समध्ये फक्त मधल्या इलेक्ट्रोडला इरिडियम आहे, बाजूचा इलेक्ट्रोड निकेलचाच. लेझर इरिडियममध्ये बाजूच्या इलेक्ट्रोडवरही प्लॅटिनमचा ठिपका असतो, म्हणून तो जास्त चालतो. पहिला बसवून दुसऱ्याच्या आयुष्याची अपेक्षा धरणं ही अगदी नेहमीची चूक.

आणि तुमच्या गाडीत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असेल, तर दोनपैकी एका प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने, बाजूच्या इलेक्ट्रोडकडून मध्याकडे उडते. तिथे एकाच टोकाला प्लॅटिनम असलेला प्लग अर्धवट उपयोगाचा. दोन्ही टोकांना असलेलाच घ्या.

मोजा: किती प्लग लागतील ते आधी नक्की करा. सिलिंडर चार म्हणजे प्लग चार हे नेहमी खरं नसतं. होंडाच्या आय-डीएसआय इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे आठ प्लग आहेत. आणि बदलायचे ते सगळे एकदम. एक नवा, तीन जुने हा काटकसरीचा प्रकार पुढच्या मिसचा शोध अवघड करून ठेवतो.

नकली प्लगही भरपूर आहेत. छपाई पुसट, नंबर तिरका, बाजूचा इलेक्ट्रोड मध्यावर नीट न आलेला, एकाच खोक्यातल्या प्लगांच्या गॅप वेगवेगळ्या, असं काही दिसलं तर परत करा.

## टप्पा ३: तयारी

इंजिन पूर्ण थंड हवं. हाताला कोमट लागतंय म्हणजे थंड नव्हे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना त्याचे आटे सहज सोलले जातात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडणं सगळ्यात बरं.

हाताशी ठेवायच्या वस्तू:

- प्लगच्या मापाचा सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेला. १६ आणि २१ मिमी नेहमीचे. नव्या बारीक प्लगांना १४ मिमीचा बारा कोनांचा पातळ सॉकेट लागतो, साधा १४ चा जाड असल्यामुळे विहिरीत (प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात) शिरतच नाही
- एक्सटेन्शन, रॅचेट, आणि शक्यतो टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना)
- कॉइलचे बोल्ट काढायला लहान सॉकेट, बहुतेक गाड्यांत १० मिमीचा
- तारेचा गॅप गेज
- फूटभर रबरी नळी, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल अशी
- हवा मारायला कॉम्प्रेसर किंवा हातपंप, आणि स्वच्छ फडकी
- डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं)

ही रबरी नळी कुठल्याच यादीत दिसत नाही, पण सगळ्या हत्यारांत मला तीच मोलाची वाटते. ती का, ते सहाव्या टप्प्यात.

### नवे प्लग आधीच तपासून घ्या

खोक्यातून काढल्यावर चिनी मातीवर केसाएवढी चीर तर नाही ना ते उजेडात बघा. फरशीवर पडलेला प्लग वापरू नका, बाहेरून धड दिसला तरी आत तडा असू शकतो.

गॅप मोजा. निकेलच्या प्लगची गॅप जुळवायची असेल तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड हलकेच वाकवायचा, मधल्यावर टेकू देऊन ढकलायचं नाही. इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं आणि ठिसूळ असतं, म्हणून नाण्यासारखा चाकतीचा गेज त्यात घुसवू नका, टोक तुटतं. तारेच्या गेजने अलगद बघा. गॅप बरीच वेगळी निघाली तर वाकवत बसण्याऐवजी नंबर पुन्हा ताडून पाहा, बहुधा प्लगच चुकीचा आलेला असतो.

वरच्या टोकावरची छोटी धातूची टोपीही बघा. काही प्लगांवर ती फिरवून निघते. तुमच्या गाडीच्या कॅपला ती लागत असेल तर पकडीने नीट आवळून घ्या, लागत नसेल तर काढून टाका. ही ढिली राहिली की नवीन प्लग असूनही मिस येते आणि डोकं खाजवत बसावं लागतं.

इशारा: हायब्रिड आणि आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत इंजिन न सांगता फिरू शकतं. इग्निशन पूर्ण बंद करा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा, मगच बॉनेटखाली हात घाला.

## टप्पा ४: जुने प्लग काढणं

१. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा. प्लग दिसले की एका वेळी एकाच सिलिंडरचं काम करा: काढा, बघा, नवा बसवा, जोडा, मग पुढचा. लांब प्लग-वायर असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं, वायरींची अदलाबदल झाली तर फायरिंगचा क्रम बिघडतो. सगळ्या एकदम काढायच्याच असतील तर प्रत्येकीवर टेप लावून नंबर लिहा.

२. कॉइलचा कनेक्टर सोडवा. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, लॉक दाबूनच ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटून लॉक मोडणारे कमी नाहीत. बोल्ट काढा, कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून चिकटलेलं रबर सोडवा आणि सरळ वर ओढा. वायर असेल तर रबरी टोपीला धरून ओढा, वायरीला धरून नव्हे.

३. प्लग ढिला करण्याआधी विहिरीत हवा मारा. तिथे साठलेली वाळू, कचरा प्लग निघताच सरळ सिलिंडरमध्ये पडतो. हे विसरणारे बरेच, कारण वरून विहीर रिकामीच दिसते.

४. सॉकेट सरळ बसवा, वाकडा धरला तर चिनी माती तडकते. डावीकडे पाव फेरा ढिला करा आणि पुन्हा एकदा हवा मारा. मग पूर्ण काढा.

अडला तर: पाव फेऱ्यानंतर प्लग जड जात असेल तर ताकद लावू नका. आट्यांच्या बाजूने गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब सोडा, अर्धा तास थांबा, मग थोडा घट्ट, थोडा ढिला असं मागेपुढे करत बाहेर आणा. आता निघेल असं वाटत असतानाच आटे सोलले जातात, तेव्हा घाई नको.

तपासा: जुन्या प्लगबरोबर त्याचा वॉशर बाहेर आला का? कधी कधी तो विहिरीच्या तळाशी चिकटून राहतो आणि नवा प्लग दोन वॉशरवर बसतो. मग ना सील नीट होत, ना उष्णता हेडमध्ये उतरत. टॉर्च मारून बघाच. (निमुळत्या बैठकीच्या प्लगला वॉशर नसतोच, तो शोधत बसू नका.)

विहिरीत इंजिन ऑइल दिसलं तर प्लग निर्दोष आहे. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीचे सील गळतायत. ते न बदलता नवा प्लग बसवला तर कॉइलचं रबर तेलात फुगून पुन्हा मिस येईल.

## टप्पा ५: जुना प्लग काय सांगतो

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडा. भंगारात टाकण्याआधीची ही पाच मिनिटं पुढचे बरेच प्रश्न सोडवतात.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी फार छोट्या फेऱ्या मारतेय. ओलसर, चकचकीत काळं आणि बोटाला तेलकट लागलं तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. ओलं आहे पण पेट्रोलचा वास येतोय, तर त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही. पांढरं पडलेलं, फोड आल्यासारखं किंवा वितळलेलं टोक म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा हीट रेंज चुकीची. अशा वेळी कारण न शोधता नवा प्लग बसवला तर तोही तसाच जळेल. चारही प्लग सारखे दिसले तर कारण सगळ्या इंजिनाला लागू होणारं. एकच वेगळा दिसला तर त्याच सिलिंडरमध्ये शोधा.

बाहेरच्या पांढऱ्या भागावर दोन प्रकारच्या खुणा दिसतात आणि त्यांची गल्लत होते. धातूच्या कडेला लागून तपकिरी कड्यासारखा डाग असेल तर काळजी नको. तो उच्च व्होल्टेजभोवती जमलेल्या तेलाच्या कणांचा असतो. पण पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न पडता बाहेरून उतरत होती. प्लगबरोबर त्या कॉइलचं रबरही बदला, नाहीतर नव्या प्लगवर तशीच रेघ उमटेल.

जुना प्लग तारेच्या ब्रशने घासून परत बसवायची सवय आता सोडा. ब्रशचे धातूचे कण चिनी मातीवर चिकटून ठिणगीला चोरवाट करून देतात, आणि बारीक इरिडियम टोक तर घासल्यावर उरतच नाही.

## टप्पा ६: नवा प्लग बसवणं

१. रबरी नळीचं टोक प्लगच्या वरच्या भागावर चढवा. नळीने प्लग विहिरीत सोडा. भोकात टाकून 'टक्' आवाज ऐकायचा नाही, बाजूचा इलेक्ट्रोड आपटून गॅप बंद होते.

२. आधी नळी उलटी, म्हणजे डावीकडे हळू फिरवा. आट्याला आटा जुळला की बारीकसा खाली पडल्यासारखा धक्का बोटांना कळतो. तिथून उजवीकडे फिरवायला लागा. प्लग तिरका शिरत असेल तर नळी प्लगवर घसरून नुसती फिरते, आटे कापण्याइतकी ताकद तिच्यात नसते. पाना एवढा समजूतदार नसतो.

३. बोटांनीच तळापर्यंत न्या. १९ मिमीच्या आट्यांना पंधराएक फेरे लागतात. दोन-तीन फेऱ्यांतच अडला तर तो बसलेला नाही. काढा, आटे पुसा, पुन्हा जुळवा.

४. आता पाना. टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतला आकडा वापरा. तो नसेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३०, १२ मिमीला १५ ते २०, आणि १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंचच नसेल तर वॉशरवाला नवा १४ मिमी प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर दबतोय हे हाताला कळतं. निमुळत्या बैठकीच्या प्लगला मात्र फेऱ्याचा फक्त सोळावा भाग. त्याला अर्धा फेरा दिलात तर पुढच्या वेळी तो काढणाऱ्याचे शिव्याशाप ऐकावे लागतील. खोक्यावर फेऱ्याचं चित्र असतं. बारीक आट्यांच्या प्लगसाठी तेच प्रमाण माना.

इशारा: आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावू नका, कंपनीने स्पष्ट सांगितलं असेल तेव्हाच लावा. आजच्या प्लगांच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतोच. वंगण लागलं की घर्षण कमी होतं, टॉर्क रेंचवर आकडा बरोबर दिसतो पण प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो. जुने मेकॅनिक सवयीने लावतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आपल्या गाडीचं काम आपण करावं हे बरं.

ढिला ठेवणंही तितकंच वाईट. प्लगची उष्णता बैठकीतूनच हेडमध्ये जाते. बैठक नीट टेकली नाही तर योग्य हीट रेंजचा प्लगसुद्धा तापून जळतो.

## टप्पा ७: जोडणी आणि चाचणी

कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी रबर चिकटून फाटणार नाही. आतल्या स्प्रिंगला लावायची गरज नाही. कॉइल सरळ खाली दाबा, प्लगवर बसल्याचं हाताला जाणवतं. बोल्ट हलकेच आवळा. तो बऱ्याचदा ॲल्युमिनियममध्ये किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जातो. कनेक्टर 'टिक्' होईपर्यंत दाबा.

सगळे प्लग झाले की सुरू करण्याआधी बॉनेटखालच्या हत्यारांची मोजदाद करा. एक सॉकेट कमी भरला तर तो शोधल्याशिवाय सेल मारू नका.

गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा. आयडलिंग एकसारखं हवं. थरथर आली तर दहापैकी नऊ वेळा अर्धवट बसलेला कनेक्टर किंवा प्लगवर न टेकलेली कॉइल निघते. प्लगला दोष देण्याआधी ते बघा. 'फस-फस' असा तालबद्ध आवाज येत असेल तर एखादा प्लग ढिला आहे. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन मग आवळा.

मग चढाचा किंवा मोकळा रस्ता धरून गाडी थोडी ओढून बघा. जुना मिसचा कोड स्कॅनरने पुसला असेल तर या फेरीनंतर पुन्हा वाचा.

आटे खरंच गेले असतील, म्हणजे प्लग आवळताना घट्ट होण्याऐवजी फिरतच राहत असेल, तर थांबा. सील लावून, टेप गुंडाळून तो धरत नाही. सिलिंडरमधला दाब त्याला बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकू शकतो. अशा हेडमध्ये धातूची आटेदार बुशिंग बसवून नवे आटे करता येतात, पण चुरा सिलिंडरमध्ये पडू न देता ते करणं हे अनुभवी हाताचं काम आहे. गाडी टो करून न्या.

सगळं ठीक असेल तर प्लगचा पूर्ण नंबर, तारीख आणि मीटरवरचा आकडा टेपवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुन्यांपैकी जो सगळ्यात धड दिसतो तो एक, कॉइल तपासायला म्हणून, हत्यारांच्या पेटीत ठेवून द्या.